हेडर फाइल काय दाखवते, काय लपवते : पहाटेच्या एका फोनची गोष्ट

आज सी लँग्वेजबद्दल बोलायचंय. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. कॉलेजमध्ये आपण सगळ्यांनी पहिल्या ओळीत ‘हॅश इन्क्लूड एसटीडीआयओ डॉट एच’ लिहिलंय. सरांनी सांगितलं म्हणून लिहिलं, पाठ झालं, विषय संपला. मीही बीटेक होईपर्यंत तेच केलं. ती ओळ नक्की काय करते हे मला नोकरीत कळलं, आणि ते पहाटे साडेपाचच्या एका फोनमुळे कळलं.

नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. दूध संकलन केंद्रांवर जो छोटा कॉम्प्युटर असतो ना, त्याचं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. वजनकाटा आणि फॅट मोजायचं मशिन त्याला जोडलेलं असतं. शेतकरी कॅन घेऊन येतो, सभासद नंबर सांगतो, दूध मोजलं जातं, फॅट आणि एसएनएफ कळतं, पावती निघते. दहा दिवसांनी जे बिल होतं ते या नोंदींवरून. म्हणजे ती नोंद हेच पैसे.

फोन आमच्या सर्व्हिसच्या काकांचा होता. पंचवीस वर्षं मशिनं दुरुस्त करणारा माणूस, आवाज कधी चढायचा नाही. म्हणाले, “अरे, सभासदाचा नंबर टाकला की तुझं मशिन बंद पडतंय. चालू केलं की पुन्हा तेच. लाइन पार रस्त्यापर्यंत गेलीये. आता वहीत लिहितोय, तू बघ काय ते.”

मी उठून बसलो. कारण आदल्या आठवड्यातल्या रिलीजमध्ये माझा एकच बदल होता, आणि तोही ‘स्वच्छता अभियान’ प्रकारातला. मेकफाइलमध्ये आधी ‘एसटीडी इज इक्वल टू जीएनयू ९९’ असं होतं, ते मी ‘सी ९९’ केलं होतं. मनात विचार काय? जीएनयू म्हणजे काहीतरी जास्तीचं, सी ९९ म्हणजे शुद्ध स्टँडर्ड. स्टँडर्ड म्हणजे चांगलं. बिल्ड झाला, माझ्या मशिनवर चालला, कोड रिव्ह्यूमध्ये कुणी काही बोललं नाही. कोडची एक ओळसुद्धा मी बदलली नव्हती. मग पडतंय कसं?

हे समजायला आधी एक गैरसमज काढून टाकू. हेडर फाइलमध्ये फंक्शन नसतं. पुन्हा सांगतो, एसटीडीआयओ डॉट एचमध्ये प्रिंटएफचा कोड नसतो. तिथे असते फक्त एक ओळ, डिक्लेरेशन : प्रिंटएफ नावाचं काहीतरी आहे, ते अशा अशा गोष्टी घेतं आणि इंट परत देतं. खरा कोड लायब्ररीत असतो. लिनक्सवर ती बहुतेक ठिकाणी जीलिबसी असते, आधीच कंपाइल होऊन बसलेली.

हॉटेलचं उदाहरण घ्या. हेडर म्हणजे मेन्यूकार्ड आणि लायब्ररी म्हणजे स्वयंपाकघर. कंपायलर मेन्यूकार्ड वाचतो. लिंकर स्वयंपाकघरात जाऊन पदार्थ आहे का बघतो. हे दोघं वेगळे, त्यामुळे त्यांचे एररही वेगळे. लॅबमध्ये मॅथ डॉट एच इन्क्लूड करूनसुद्धा ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू स्क्वेअर रूट’ आलेलं आठवतंय? सगळे म्हणायचे, अरे हेडर तर टाकलंय! हेडर टाकलंच होतं. पण लिनक्सवर गणिताची लायब्ररी वेगळी, तिच्यासाठी ‘डॅश एलएम’ द्यावं लागतं. मेन्यूकार्ड होतं, स्वयंपाकघराचं दार बंद होतं. आणि ‘इम्प्लिसिट डिक्लेरेशन’ असं आलं तर बरोब्बर उलटं समजायचं : कदाचित स्वयंपाकघरात पदार्थ आहे, पण तुमच्या हातातल्या कार्डावर त्याचं नाव नाही.

माझं झालं होतं ते हे दुसरं.

आमच्या कोडमध्ये सभासदाचं नाव कॉपी करायला स्ट्रडप वापरलं होतं. एस टी आर डी यू पी. स्ट्रिंग द्या, ते तेवढी मेमरी घेतं, कॉपी करतं आणि नव्या जागेचा पत्ता म्हणजे पॉइंटर परत देतं. स्ट्रिंग डॉट एच इन्क्लूड केलेलं होतं. मग नाव कार्डावर का नाही?

कारण एकाच स्ट्रिंग डॉट एचची अनेक मेन्यूकार्डं असतात! एकादशीला हॉटेलात शिरताना आपण सांगतो ना, “उपवास आहे.” मग वेटर वेगळं कार्ड आणून ठेवतो. स्वयंपाकघर तेच, आत मिसळही शिजतेय, पण तुमच्या कार्डावर साबुदाणा खिचडी आणि वऱ्याचे तांदूळ. हेडरचंही तसंच. तुम्ही आधी काय जाहीर केलंत त्यावर कोणती नावं दिसणार ते ठरतं. या जाहीर करण्याला म्हणतात फीचर टेस्ट मॅक्रो.

जीलिबसीत हे काम फीचर्स डॉट एच नावाची फाइल करते. तुम्ही ती कधी लिहीत नाही, पण एसटीडीआयओ काय किंवा स्ट्रिंग काय, प्रत्येक हेडर सगळ्यात आधी तिला आत घेतं. ती बघते, या माणसाने काय काय सांगितलंय? ‘अंडरस्कोर पॉझिक्स सी सोर्स’ डिफाइन केलंय का? त्याची किंमत किती? २००८०९ असेल तर २००८ सालच्या सप्टेंबरचा पॉझिक्स. तो आकडा म्हणजे चक्क वर्ष आणि महिना आहे. ‘अंडरस्कोर जीएनयू सोर्स’ डिफाइन केलंय का? मग सगळंच द्या. काहीच सांगितलं नाही? मग नेहमीचं कार्ड द्या, ज्यात पॉझिक्सही असतं आणि इतर बरीच जुनी-नवी फंक्शनंही असतात. हे ठरलं की ती आपल्या आतल्या खुणा लावून ठेवते, आणि पुढे स्ट्रिंग डॉट एचमध्ये अनेक डिक्लेरेशनच्या भोवती ‘ही खूण असेल तरच’ असं कुंपण असतं.

आणि ‘सी ९९’ दिलं की? तेव्हा कंपायलर स्वतःच आतून जाहीर करतो : कडक आयएसओ सी, बाकी काही नको. स्ट्रडप हे पॉझिक्सचं. आयएसओ सीमध्ये ते थेट सी २३ मध्ये आलं. म्हणजे मी मेकफाइलमधली तीन अक्षरं बदलून ‘कडक उपवास आहे’ असं सांगून आलो होतो, आणि मग मिसळ मागत होतो.

आता तुम्ही विचाराल, ही लपवाछपवी कशाला? सगळी नावं दाखवून टाकायची की. मलाही तसंच वाटलं होतं. पण लपवण्यामागे चांगलं कारण आहे. कर्निगन आणि रिची यांचं सी चं प्रसिद्ध पुस्तक आहे, पहिली आवृत्ती १९७८, दुसरी १९८८. त्याच्या पहिल्याच प्रकरणात एक फंक्शन आहे, गेटलाइन. वाचणाऱ्याने स्वतः लिहायचं. आजच्या लिनक्सवर तो कोड जसाच्या तसा टाइप करून साध्या जीसीसीने कंपाइल करा. एरर येतो : ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर गेटलाइन’. का? कारण २००८ च्या पॉझिक्सने गेटलाइन नावाचं एक फंक्शन एसटीडीआयओ डॉट एचमध्ये आणलं. नाव तेच, आकार वेगळा. पोरं म्हणतात पुस्तक चुकलंय. पुस्तक चुकलेलं नाही. तोच कोड ‘सी ९९’ देऊन कंपाइल करा, हा एरर जातो. कारण कडक कार्डावर गेटलाइन नाही, म्हणजे ते नाव तुमच्यासाठी मोकळं आहे.

कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी तर हा मार खाल्लेलाच असतो. ग्लोबल व्हेरिएबलचं नाव ‘वाय वन’ ठेवलं की कंपायलर ओरडतो. मॅथ डॉट एचमध्ये बेसेल फंक्शनची नावं जे झीरो, जे वन, वाय झीरो, वाय वन अशी आहेत. आपण ती जन्मात वापरणार नाही, पण नावं अडवून बसलीयेत.

म्हणजे हा मुळात एक करार आहे. स्टँडर्ड म्हणतं, मी दिलेल्या यादीबाहेरची साधी नावं तुझी. त्या बदल्यात, अंडरस्कोर आणि पुढे कॅपिटल अक्षर, किंवा सुरुवातीला दोन अंडरस्कोर अशी नावं माझी, त्यांना तू हात लावायचा नाही. फीचर टेस्ट मॅक्रोची नावं अंडरस्कोर आणि कॅपिटलने का सुरू होतात ते आता लक्षात आलं असेल. ती त्यांच्या हद्दीतली नावं आहेत, तुमच्या एखाद्या व्हेरिएबलला चुकून धडकू नयेत म्हणून.

बरं, परत त्या पहाटेकडे. कार्डावर नाव नव्हतं, तर कंपायलरने मला थांबवायला हवं होतं ना? इथे सी चा इतिहास आडवा येतो. जुन्या सी मध्ये न ओळखलेलं फंक्शन वापरलं तर कंपायलर स्वतःच गृहीत धरायचा की ते इंट परत देतं. १९९९ च्या स्टँडर्डने हे काढून टाकलं. पण जीसीसी पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं फक्त वॉर्निंग देत राहिला, कारण जगभरातला जुना कोड त्यावर चालत होता.

मग झालं असं. वेटरच्या कार्डावर पदार्थ नाही, पण तो म्हणाला, असेल काहीतरी, एक वाटी नेतो. स्वयंपाकघराने भरला मोठा वाडगा. वाडग्यातलं वाटीत ओतलं, अर्धं सांडलं. स्ट्रडप परत देतं पॉइंटर, ६४ बिटच्या मशिनवर तो ८ बाइटचा. कंपायलरच्या समजुतीत इंट, ४ बाइटचा. पत्त्याचा वरचा अर्धा भाग तिथेच गेला. उरलेल्या अर्ध्या पत्त्यावर प्रोग्राम सभासदाचं नाव वाचायला जायचा आणि आडवा पडायचा. सेगमेंटेशन फॉल्ट.

आणि लिंकर? त्याला काय, त्याला स्वयंपाकघरात स्ट्रडप सापडलं. तो खूश.

पण मग माझ्या मशिनवर का चाललं? दोन तास मी याच प्रश्नात अडकलो होतो. काकांनी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून कोअर फाइल पाठवली. डीबगरमध्ये उघडली, तर पॉइंटरच्या वरच्या अर्ध्या भागात नुसते एफ एफ एफ एफ. अर्धा पत्ता कापून, मग तो इंट ऋण समजून ताणून ८ बाइटचा केलेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

माझं मशिन जुन्या लिनक्सचं होतं. तिथे बनलेला प्रोग्राम मेमरीत खालच्या पत्त्यावर बसायचा आणि हीप त्याच्या मागोमाग. छोट्या स्ट्रिंगचे पत्ते ४ बाइटमध्ये मावतील इतके लहान. वरचा अर्धा भाग शून्यच, तो कापला काय आणि ठेवला काय! रिलीज मात्र त्या वेळी पहिल्यांदाच नव्या सर्व्हरवर बनलं होतं. साधारण २०१६-१७ पासून उबुंटू आणि डेबियनने जीसीसीचं डिफॉल्ट बदललं, प्रोग्राम आता सुरक्षेसाठी कुठेही, म्हणजे खूप वरच्या पत्त्यावर बसतो. हीपही वर जातो. मग कापलेला अर्धा भाग शून्य राहत नाही. टेस्टिंग झालं होतं जुन्या मशिनवरच्या बिल्डचं, आणि केंद्रांवर गेला नव्या सर्व्हरवरचा.

बिल्डचा लॉग उघडला. दोन ओळी होत्या. एक : ‘इम्प्लिसिट डिक्लेरेशन ऑफ फंक्शन स्ट्रडप’. दुसरी : इंटपासून पॉइंटर बनवतोयस, कास्टशिवाय. कंपायलरने मला व्यवस्थित सांगितलं होतं. पण आमच्या लॉगमध्ये न वापरलेल्या व्हेरिएबलच्या इतक्या वॉर्निंग असायच्या की तो कुणी वाचतच नव्हतं. मीही नाही.

घाईघाईने दुरुस्ती केली. फाइलमध्ये ‘हॅश डिफाइन अंडरस्कोर पॉझिक्स सी सोर्स’ टाकलं, कंपाइल केलं, आणि वॉर्निंग तशीच! सकाळचे साडेसात, तिकडे लाइन, इकडे माझे हात थरथरतायत. चूक अशी की मी तो डिफाइन एसटीडीआयओ डॉट एचच्या खाली लिहिला होता. पहिल्याच हेडरने फीचर्स डॉट एच आत घेतली आणि सगळ्या खुणा ठरून गेल्या. तिला इन्क्लूड गार्ड असतो, म्हणजे दुसऱ्यांदा बोलावलं तरी ती काही करत नाही. कार्ड टेबलवर आल्यावर “अहो, आज उपवास नाहीये” म्हणून उपयोग नाही. जाहीर करायचं ते पहिल्या इन्क्लूडच्या आधी, नाहीतर थेट मेकफाइलमध्ये ‘डॅश डी’ देऊन. मी शेवटी मेकफाइलमध्येच टाकलं, म्हणजे सगळ्या फाइल्सना एकच कार्ड.

एक मित्र म्हणाला, “कशाला डोकं लावतोस, जीएनयू सोर्स टाक, सगळंच दिसेल.” खूप जण हेच करतात. पण त्यातही खड्डा आहे. स्ट्रएरर अंडरस्कोर आर म्हणून फंक्शन आहे, एरर नंबरचा मजकूर देणारं. पॉझिक्सचं रूप इंट परत देतं आणि मजकूर तुम्ही दिलेल्या बफरमध्ये भरतं. जीएनयूचं रूप मजकुराचा पॉइंटर परत देतं, आणि तुमच्या बफरला कदाचित हातही लावत नाही. एकच मॅक्रो टाकला की त्याच नावामागे दुसरंच फंक्शन येतं. इथे माझी मेन्यूकार्डाची उपमा मोडते बरं का, कारण इथे कार्ड बदललं की आतला पदार्थही बदलतो. आमच्या कोडमध्ये ते फंक्शन होतं. आंधळेपणाने सगळं उघडलं असतं तर दुसरा फोन आला असता. म्हणून जे लागतं तेवढंच मागा, आणि काय मागितलं ते माहीत असू द्या.

साडेआठला नवा बिल्ड गेला. मशिनं चालू झाली. सकाळची वेळ मात्र गेली होती.

दोन दिवसांनी वहीतल्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये भरल्या, तेव्हा काकांच्या लक्षात आलं की एका मावशींची त्या सकाळची नोंदच नाहीये. दोन म्हशी, आठ-नऊ लिटर दूध. गर्दीत लिहायचं राहून गेलं होतं. मावशी काही बोलल्या नव्हत्या, त्यांना वाटलं लिहिलं असेल. काकांनी केंद्राच्या सचिवांशी बोलून, आदल्या दिवसांचा फॅट बघून ती नोंद घालून घेतली. मला फोनवर सांगितलं तेव्हा रागाचा एक शब्द नव्हता. एवढंच म्हणाले, “तुझ्या कॉम्प्युटरने तुला आधी सांगितलं होतं म्हणतोस ना? मग ऐकायचं होतंस की.”

सोमवारी मी टीम लीड मॅडमना सगळं सांगितलं. तीन अक्षरांचा बदल, न वाचलेला लॉग, दुसऱ्याच मशिनवरचं टेस्टिंग. त्यांनी विचारलं, “पुन्हा होऊ नये म्हणून काय करशील?” पुढचे दोन आठवडे मी एकेक वॉर्निंग काढत बसलो. शेवटी लॉग रिकामा झाला, आणि इम्प्लिसिट डिक्लेरेशन आलं तर बिल्डच थांबेल असा फ्लॅग टाकला. त्यासाठी ‘डब्ल्यू एरर इज इक्वल टू इम्प्लिसिट फंक्शन डिक्लेरेशन’ असं द्यायचं. आता तर कंपायलरच सुधारलेत. क्लँगने २०२३ मध्ये १६ व्या आवृत्तीपासून आणि जीसीसीने २०२४ मध्ये १४ व्या आवृत्तीपासून ही चूक थेट एरर केली. पण जुने कंपायलर अजून हजारो ठिकाणी चालू आहेत. तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्येही असतील.

जाता जाता, घरी करून बघायच्या तीन गोष्टी. पहिली, लिनक्सवर ‘मॅन स्ट्रडप’ लिहा. वरच एक भाग दिसेल, ‘फीचर टेस्ट मॅक्रो रिक्वायरमेंट्स’. आपण सगळे तो सोडून खाली जातो. तो वाचा, कोणतं कार्ड मागायचं ते तिथेच लिहिलेलं असतं. दुसरी, कंपायलरला ‘डॅश कॅपिटल ई’ द्या. हेडर उलगडून तुमच्या चार ओळींच्या प्रोग्रामचं काय होतं ते दिसेल, शेकडो ओळी. फोनवर टर्मक्स असेल तर तिथेही होतं, फक्त अँड्रॉइडची सी लायब्ररी वेगळी आहे, बायोनिक, त्यामुळे कार्ड थोडं वेगळं दिसेल. त्या ढिगात प्रिंटएफची ती एकच ओळ शोधून काढा. तिसरी, तोच प्रोग्राम एकदा ‘सी ९९’ आणि एकदा ‘जीएनयू ९९’ देऊन उलगडा आणि लिनक्स कॉम्प्युटरवर दोन्हींमध्ये गेटलाइन शोधा. एकात सापडेल, एकात नाही.

आणि वॉर्निंग आली तर वाचा. आपला कोड कुठल्या तरी गावात, पहाटेच्या अंधारात, कुणाच्या तरी दुधाचा हिशोब ठेवत असतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि डिफाइन नेहमी इन्क्लूडच्या वर!